मैत्रीतून प्रेमाकडे : 'लिटल विमेन' आणि 'अ‍ॅन' कादंबऱ्यांतील दोन नकार

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या प्रेमकथांकडे साहित्यसमीक्षेने सहसा दुर्लक्षच केले आहे. 'निर्मळ', 'निरागस', 'घरात कोणाच्याही हाती द्यावी अशी' ही विशेषणे एखाद्या कादंबरीला लाभली, की तिचा वाङ्मयीन विचार तेथेच संपला असे मानले जाते. ज्या कथेत शाळकरी वयातील दोन स्नेही अखेरीस परस्परांचे जीवनसाथी होतात, तिच्या वाट्याला तर ही उपेक्षा अधिकच येते. अशा कथेत रहस्य नसते. नायक कोण हे वाचकाला पहिल्या भेटीतच कळून चुकलेले असते आणि शेवटही ठाऊक असतो. मग वाचक शेवटपर्यंत वाचतो ते कशासाठी? 'ती कोणाची होणार' हा प्रश्न निकालात निघालेला असल्यामुळे 'केव्हा' आणि 'काय गमावून' हे दोनच प्रश्न उरतात. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्य लेखकही देऊ शकतो. दुसऱ्या प्रश्नाला सामोरे जाण्याचे धैर्य मात्र मोजक्या कादंबऱ्यांनी दाखविले आहे. लुइसा मे ऑल्कॉट यांची 'लिटल विमेन' आणि एल. एम. माँटगमेरी यांच्या 'अ‍ॅन' मालिकेतील पहिल्या तीन कादंबऱ्या या दृष्टीने एकत्र वाचण्याजोग्या आहेत. दोहोंच्या मध्यभागी जिवलग मित्राने घातलेली मागणी आहे आणि नायिकेचा नकार आहे. एका नकाराचे पुढे होकारात रूपांतर होते, दुसरा नकार कायम राहतो. या भेदाचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मैत्रीतून उमलणाऱ्या प्रेमाची इंग्रजी कादंबरीतील परंपरा याहून जुनी आहे, हे खरे. जेन ऑस्टेन यांच्या 'एमा' या कादंबरीत (१८१५) नायिका अखेरीस घरोब्यातील जुन्या स्नेह्याशीच, नाइटली यांच्याशी विवाह करते. परंतु त्या दोघांच्या वयात सोळा वर्षांचे अंतर आहे. नाइटली यांनी एमाला लहानपणापासून पाहिले, समज दिली, चुका दाखविल्या. त्यांची मैत्री ही वडीलधाऱ्याची मैत्री आहे. ज्यो मार्च आणि लॉरी यांची मैत्री या जातीची नाही. ती दोन बरोबरीच्या मुलांची मैत्री आहे आणि म्हणूनच तिच्यापुढील पेच नवा आहे.

'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. मुलींसाठी एखादी कथा लिहावी असा आग्रह त्या संस्थेच्या टॉमस नाइल्स यांनी धरला होता आणि ऑल्कॉट यांनी तो काहीशा नाखुशीनेच मानला होता. या भागाच्या अखेरीस थोरली मेग हिचा वाङ्निश्चय होतो. धाकट्या बहिणींचे भवितव्य मोकळे राहते. पुस्तक हातोहात खपले आणि लेखिकेकडे मुलींची पत्रे येऊ लागली. या मुलींची लग्ने कोणाशी होणार, हाच जणू स्त्रीच्या आयुष्याचा एकमेव हेतू असावा अशा सुरात ही विचारणा होत असे. ज्योचे लग्न लॉरीशी आपण कोणालाही खूश करण्यासाठी लावणार नाही, असा निश्चय ऑल्कॉट यांनी नोव्हेंबर १८६८ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदविला. दुसरा भाग १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तुतः ज्यो अविवाहित लेखिका राहावी अशी त्यांची इच्छा होती. वाचकांच्या रेट्यापुढे ती टिकेना, तेव्हा त्यांनी ज्योसाठी एक विचित्र वाटावे असे स्थळ मुद्दाम निवडले, असे त्यांनीच एका पत्रात कळविले आहे. हे स्थळ म्हणजे प्रोफेसर भेअर : प्रौढ, निर्धन आणि परदेशी.

या माहितीवरून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की ज्योचा नकार हा लेखिकेने वाचकांवर उगवलेला सूड आहे, त्याला कथेत आधार नाही. हे मत टिकणारे नाही. नकाराची बीजे पहिल्या भागातच पडलेली आहेत.

ज्यो आणि लॉरी यांची पहिली खरी भेट नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या नृत्यसमारंभात होते. दोघेही लोकांना चुकवून एकाच पडद्याआड शिरतात. ज्योच्या झग्याची मागची बाजू जळालेली आहे, हातमोजा डागाळलेला आहे. त्यामुळे तिला दिवाणखान्यात नाचता येत नाही. तेव्हा दोघे बाहेरच्या मोकळ्या जागेत, कोणाच्या नजरेस न पडता मनसोक्त नाचतात. हा प्रसंग वरवर विनोदी आहे. पण या मैत्रीचे स्थान त्यात निश्चित झाले आहे : ती समारंभाच्या कडेला, पडद्यामागे, रीतिरिवाजांच्या बाहेर वाढते. पुढे ज्यो त्याच्या खिडकीवर बर्फाचा गोळा मारून त्याला हाक देते. मुलींच्या 'पिकविक' मंडळात त्याला सभासदत्व मिळते, त्याबद्दल तो दोन घरांच्या मधल्या कुंपणात टपालपेटी बसवून देतो. ज्यो त्याला 'टेडी' म्हणते, मुलग्यांनी एकमेकांना म्हणावे तसे 'गड्या' म्हणते. त्याच्याबरोबर ती शर्यतीत धावते. मुलगी म्हणून जन्माला आल्याची तिची खंत या सहवासात पुरती बुजते, कारण तेवढ्यापुरती ती मुलगी राहतच नाही.

येथेच अडचण आहे. लॉरी मागणी घालतो त्या क्षणी ज्यो पुन्हा मुलगी होते. मागणीच्या प्रकरणात ती जी कारणे देते, ती नीट वाचावयास हवीत. दोघेही तापट आणि हट्टी आहेत, त्यामुळे संसारात भांडणे होतील, हे तिचे पहिले कारण तिच्या आईनेही आधीच सांगितलेले आहे. दुसरे कारण अधिक बोलके आहे. लॉरीच्या श्रीमंत वर्तुळात आपला जीव गुदमरेल, त्याला आपल्या लिहिण्याचा कंटाळा येईल आणि लिहिल्यावाचून तर आपल्याला जगता यायचे नाही, असे ती सांगते. प्रेमाच्या मागणीला नकार देताना आपल्या लेखणीचा हवाला देणारी नायिका त्या काळच्या मुलींच्या कथांत विरळाच असेल. लॉरी काही दुष्ट नाही. तो तिच्या पहिल्या छापील कथेचे मनापासून कौतुक करणारा मित्र आहे. परंतु मित्राला आवडणारी लेखणी पतीला आवडेलच असे नाही, हे ज्योने ओळखले आहे. मैत्रीत बरोबरी आपोआप मिळत होती. विवाहात ती मागून घ्यावी लागेल, हा तिचा अंदाज १८६९ च्या अमेरिकेत चुकीचा म्हणता येणार नाही.

हा नकार ऑल्कॉट यांनी स्वस्त केलेला नाही, हे विशेष. बेथच्या मृत्यूनंतर एकाकी झालेली ज्यो आईजवळ कबूल करते, की टेडीने आता पुन्हा विचारले असते तर कदाचित आपण होकार दिला असता. मात्र तसे करण्याचे कारण त्याच्यावरचे प्रेम वाढले हे नसते, आपल्यावर कोणीतरी प्रेम करावे ही भूक वाढली हे असते. किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या कथेत प्रेम आणि प्रेमाची भूक यांतील हा फरक इतक्या स्पष्टपणे मांडला जावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

भेअर यांच्या निवडीचा विचार याच संदर्भात करावा लागतो. त्यांच्याशी ज्योची ओळख न्यूयॉर्कला होते. ते तिच्या लेखणीचा मान राखतात असे सरसकट म्हणता येत नाही, कारण सनसनाटी कथांविषयी त्यांनी व्यक्त केलेल्या तिटकाऱ्यामुळे ज्यो आपले तसले सारे लेखन शेगडीत जाळते. आजच्या वाचकाला हा प्रसंग खटकतो आणि तो खटकावाच. तरीही भेअर यांच्या बाबतीत एक गोष्ट घडते, जी लॉरीच्या बाबतीत घडणे शक्यच नव्हते. पावसात, छत्रीखाली, चिखलातून चालताना ते ज्योला मागणी घालतात आणि मग जर्मन माणसाच्या सवयीने तिला एकेरी संबोधू लागतात. तिनेही आपल्याला तसेच म्हणावे अशी त्यांची इच्छा असते. इंग्रजीतले हे जुने एकेरी सर्वनाम ज्योला जरा भावुक वाटते, पण ती ते स्वीकारते. या सर्वनामाने दोघांमधले अंतर ओलांडले जाते. ज्यो आणि लॉरी यांच्यात ओलांडण्याजोगे अंतरच शिल्लक नव्हते. ज्याला पहिल्या दिवसापासून 'टेडी' म्हटले, त्याला प्रेमाच्या क्षणी वेगळे काय म्हणावे? ऑल्कॉट यांच्या मते पूर्ण जवळीक हीच मैत्रीतून प्रेमाकडे जाणाऱ्या वाटेवरची खरी आडकाठी आहे.

माँटगमेरी यांनी नेमकी हीच आडकाठी दूर केली, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती साधी आहे. त्यांनी मैत्री लांबणीवर टाकली. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८) या कादंबरीत गिल्बर्ट ब्लाइथ अ‍ॅनच्या लाल केसांची 'गाजर' म्हणून थट्टा करतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी घालते. पाटी फुटते आणि वैर सुरू होते. हे वैर पुस्तकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत चालते. मधल्या एका प्रसंगात बुडत्या होडीतून कशीबशी सुटलेली अ‍ॅन पुलाच्या खांबाला लटकलेली असते, गिल्बर्ट तिची सुटका करतो आणि मैत्रीचा हात पुढे करतो. अ‍ॅन तो नाकारते आणि तत्क्षणी तिला पश्चात्ताप होतो. लक्षात घ्यावयाचे ते हे, की या काळात दोघांमध्ये एक अबोल नाते घडतच असते : अभ्यासातील चुरशीचे नाते. क्वीन्स अकॅडमीच्या प्रवेशपरीक्षेत दोघे बरोबरीने पहिले येतात. ज्योला जी समानता पडद्याआडच्या खेळात मिळाली, ती अ‍ॅनला गुणांच्या यादीत, जाहीरपणे मिळते. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या त्या लहानशा गावात मुलगे आणि मुली एकाच शाळेत शिकत होती, ही सामाजिक वस्तुस्थिती या प्रेमकथेची पूर्वअट आहे. अखेर मॅथ्यूच्या मृत्यूनंतर अ‍ॅनला मरिलाजवळ राहता यावे म्हणून गिल्बर्ट गावच्या शाळेवरचा आपला हक्क सोडतो, तेव्हा कोठे मैत्री सुरू होते. पहिली कादंबरी तेथेच संपते.

'अ‍ॅन ऑफ अ‍ॅव्हनली' (१९०९) ही मालिकेतील त्यामानाने सैल कादंबरी. तिच्याविषयी येथे एवढेच सांगणे पुरे, की प्रेम नेहमीच गाजावाजा करीत येत नाही, ते जुन्या स्नेह्याच्या रूपातही शेजारी येऊन उभे राहते, ही कल्पना तिच्या अखेरीस सूचित होते. खरा पेच 'अ‍ॅन ऑफ द आयलंड' (१९१५) मध्ये आहे. रेडमंड महाविद्यालयात शिकत असताना गिल्बर्ट मागणी घालतो आणि अ‍ॅन नाही म्हणते. आपली मैत्री त्याने नासविली, असे तिला वाटते. तिचे हे दुःख खरे आहे. पण तिचे कारण ज्योहून वेगळे आहे. अ‍ॅनला आपल्या लेखणीची चिंता नाही. तिच्या मनात नायकाची एक पुस्तकी प्रतिमा आहे : उंच, सावळा, उदास डोळ्यांचा. पाठोपाठ असा एक तरुण, रॉय गार्डनर, भर पावसात छत्री घेऊन अवतरतो. (ऑल्कॉट यांची छत्री जुन्या आणि साध्या माणसाची होती. माँटगमेरी यांनी ती दिखाऊ नायकाच्या हाती दिली, हा योगायोग असला तरी सुखद आहे.) रॉय प्रत्यक्ष मागणी घालतो तेव्हा अ‍ॅनला स्वतःचे मन कळते आणि ती त्यालाही नकार देते. गिल्बर्ट विषमज्वराने अत्यवस्थ आहे ही बातमी कळल्यावर तिने जागून काढलेली एक रात्र, आणि सकाळी एका गडीमाणसाकडून मिळालेली तो वाचल्याची खबर, येथे मालिकेचा भावनिक परमोत्कर्ष आहे. कादंबरीकाराच्या हाती आजारपण हे सोयीचे साधन असते, हे मान्य केले तरी या प्रकरणाचा परिणाम ओसरत नाही. त्यात प्रेमाची कबुली नायकासमोर दिलेली नाही, ती अ‍ॅनने एकटीने स्वतःजवळ दिली आहे.

ही कादंबरीही वाचक मुलींच्या मागणीतून आली. जगभरच्या ज्या मुलींना अ‍ॅनविषयी आणखी वाचावयाचे होते, त्यांनाच ती अर्पण केलेली आहे. ऑल्कॉट यांनी ज्या दबावाला तिरकस उत्तर दिले, त्याला माँटगमेरी यांनी सरळ उत्तर दिले. एवढ्यावरून पहिली लेखिका बंडखोर आणि दुसरी तडजोड करणारी असा निवाडा द्यावयाचा मोह होतो. पण कथा लग्नापाशी थांबत नाही, आणि पुढचे भाग वाचल्यावर हिशेब वेगळाच दिसू लागतो.

'जोज बॉइज' (१८८६) मध्ये ज्यो प्रसिद्ध लेखिका झालेली आहे. चाहत्यांच्या उपद्रवाने ती त्रासते, दाराआड लपते, पण तिचे लिहिणे चालू आहे. परक्या, वडीलधाऱ्या भेअर यांच्याशी केलेल्या विवाहात तिची लेखणी टिकली. याउलट समवयस्क, समान गुणवत्तेच्या, जिवलग गिल्बर्टशी विवाह केलेली अ‍ॅन 'अ‍ॅन्स हाउस ऑफ ड्रीम्स' (१९१७) मध्ये आपल्या लेखनाला मुलांसाठीच्या किरकोळ गोष्टींपुरते मर्यादित करते. कॅप्टन जिम यांच्या आयुष्याची कथा लिहिण्याचे मोठे काम समोर असताना ते आपल्या आवाक्यातले नाही असे ती ठरविते, आणि ते ओवेन फोर्ड या पुरुष लेखकाकडे जाते. गिल्बर्टने तिला कधीही मना केलेले नाही. कोणीच मना केलेले नाही, म्हणूनच ही हानी वाचकाच्या ध्यानात येत नाही. शाळेत जिने त्याच्याशी बरोबरी साधली, तिने विवाहानंतर चढाओढ सोडून दिली. ज्योला लॉरीविषयी जी भीती वाटली होती, ती अ‍ॅनच्या बाबतीत कोणताही खलनायक नसताना खरी ठरली. निर्मळ प्रेमकथेत प्रणयाचा कळस कोठे येतो यापेक्षा नायिकेची लेखणी कोठे हरवते हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना ज्यो आणि लॉरी भेटले ते शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादातून. त्यांच्यापैकी अनेकींना लॉरीला नाकारल्याबद्दल ज्योचा राग आला असेल. वर सर्वनामाचा जो मुद्दा आला, तो मराठीच्या अंगाने पाहिला की अधिक धारदार होतो. इंग्रजीतील नेहमीचे सर्वनाम 'तू' आणि 'तुम्ही' दोहोंचे काम करते, त्यामुळे भेअर यांना जुने सर्वनाम उकरून काढावे लागले. मराठीत हा भेद रोजच्या बोलण्यातला आहे. पण मराठी कुटुंबात, निदान एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत, या भेदाची दिशा उलटी होती. ज्याला लहानपणी 'तू' आणि 'अरे' म्हटले तो पती झाला, तर 'अहो' होई. त्याचे नावही उखाण्याखेरीज उच्चारता येत नसे. भेअर आणि ज्यो विवाहाच्या उंबरठ्यावर एकेरीवर येतात. मराठी मैत्रीण तोच उंबरठा ओलांडताना आदरार्थी होई. मैत्रीचे प्रेमात रूपांतर झाले तर मैत्री शिल्लक राहते का, हा ऑल्कॉट यांचा प्रश्न मराठी व्याकरणानेच विचारलेला आहे.

अर्थात असा प्रश्न पडण्याइतका अवसर मराठी मुलीला मिळत तरी होता का, हे आधी पाहावयास हवे. ज्यो कथारंभी पंधरा वर्षांची आहे, आणि विवाहाचा विचार तिच्या मनाला शिवतही नाही. ती पडद्याआड नाचत होती त्याच सुमाराला महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांतून पंधरा वर्षांची अविवाहित मुलगी आढळणे जवळजवळ अशक्य होते. संमतिवयाची मर्यादा बारावर नेण्यासाठी १८९१ चा कायदा आणि त्यावरचे वादळ व्हावे लागले. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा सारडा कायदा १९२९ चा. बाल्य आणि विवाह यांच्यामध्ये जो मोकळा काळ लागतो, तोच नव्हता. म्हणून हरिभाऊ आपटे यांनी १८९० पासून 'करमणूक' मधून लिहिलेल्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो' या कादंबरीत क्रम उलटा आहे : आधी विवाह, मग पतीने शिकविणे, मग मैत्री, मग प्रेम. यमूला तिचा मित्र तिच्या पतीतच शोधावा लागतो. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतही (१९१०) शिकवणीचे हेच नाते आहे, आणि ते वाचताना लॉरीपेक्षा नाइटली किंवा भेअर यांचीच आठवण होते. मैत्री आहे, पण ती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची आहे.

मुलामुलींची एकत्र शाळा आली, विवाहाचे वय पुढे गेले, तरीही ही कथा मराठीत सहजासहजी रुजली नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीत हे स्पष्ट दिसते. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गात जोशी आणि शिरोडकर आहेत. वर्ग एक आहे, वय एक आहे, शिक्षण एक आहे. म्हणजे अ‍ॅन आणि गिल्बर्टला मिळालेली पूर्वअट पूर्ण झाली आहे. मात्र या वर्गात मुलाने मुलीशी बोलणे हीच घटना ठरते, तिचा सर्वत्र बोभाटा होतो. त्यामुळे ओढ आधी येते आणि मैत्रीची वाट नंतर, चोरून शोधावी लागते. शिकवणीला जाण्यायेण्याचे रस्ते, वेळा आणि वळणे यांचे जे सूक्ष्म गणित जोशी मांडतो, ते मार्च आणि लॉरेन्स कुटुंबांच्या कुंपणातल्या टपालपेटीने एका दिवसात सुटले असते. आणि संबोधन? जिच्यावर त्याचा जीव जडला आहे, तिचा उल्लेख निवेदक जोशी आडनावाने करतो, वर्गातल्या हजेरीपटाप्रमाणे. 'टेडी' म्हणण्याइतकी जवळीक नाही, 'अहो' म्हणण्याचा अधिकार नाही आणि पहिल्या नावाने हाक मारण्याचा रिवाज नाही. शिरोडकर हे आडनाव त्या कादंबरीत इतक्या वेगवेगळ्या स्वरांत येते, की अखेरीस मराठी वाचकाच्या कानाला ते नावापेक्षाही जवळचे वाटू लागते.